लाँच मॉनिटरसमोर पहिल्यांदा उभे राहताय? आकडे उलटे वाचा

ठाण्याहून पनवेल लोकलमध्ये गोल्फची बॅग घेऊन चढलं की कुणीतरी विचारतंच, "ताई, यात काय आहे?" सुरुवातीला मी सगळं सांगत बसायचे. आता "काठ्या" म्हणते आणि खिडकी शोधते.

गोल्फकडे मी चाळिशीत वळले. त्याआधीची पंधरा वर्षं बॅडमिंटन. ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं खारघरला, सिडकोच्या गोल्फ कोर्सवर नेलं, डोंगराच्या कुशीतलं ते हिरवं पाहिलं आणि मी फसले. मग जून लागला. आपल्याकडच्या पावसात नवशिक्यानं बाहेर काय खेळायचं? म्हणून सिम्युलेटर, म्हणजे बंद खोलीत पडद्यावर बॉल मारायची जागा, गाठला आणि तिथं लाँच मॉनिटर नावाच्या डबड्याशी गाठ पडली. एक बॉल मारला की पडद्यावर वीसेक आकडे. मी त्यातला एकच बघायची, सगळ्यात मोठ्या अक्षरातला. किती लांब गेला. बाकीचे आकडे काय म्हणताहेत ते कळायला चार महिने आणि बरेच पैसे गेले.

तुम्हाला ग्रिप आणि उभं राहणं जमतंय, दोन-चार बकेट बॉल मारून झालेत आणि आता ठाण्यात किंवा नवी मुंबईत कुठंतरी या यंत्रासमोर उभं राहायचंय, असं धरून लिहितेय. मी प्रशिक्षक नाही. खालच्या सगळ्या दिशा उजव्या हातानं खेळणाऱ्यांसाठी आहेत. डावखुऱ्यांनी उलट्या कराव्यात.

१. घरून निघताना

सोबत काय हवं:

- स्वतःची सेव्हन आयर्न (मधल्या अंतराची काठी) आणि ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायची). तिथल्या भाड्याच्या क्लबचा, म्हणजे काठीचा, लॉफ्ट (तोंडाचा तिरपेपणा), लांबी, शाफ्ट (दांडा) सगळं वेगळं असतं. ते आकडे त्या क्लबचे, तुमचे नव्हेत.
- एकाच प्रकारचे सहा बॉल. रेंजवरचे, म्हणजे सरावाच्या मैदानावरचे, झिजलेले बॉल कमी फिरकी घेतात आणि आखूड पडतात.
- व्हाइटबोर्डवर लिहायचा मार्कर आणि एक फडकं. का, ते सहाव्या पायरीत.
- शंभर पानी वही. अॅप असलं तरी.
- खारघरच्या कोर्सवर जाणार असाल तर फोटो ओळखपत्र, कॉलरचा टी-शर्ट आणि सॉफ्ट स्पाइकचे किंवा साधे स्पोर्ट्स शूज. पाहुण्यांना कुठल्या वारी, कुठल्या वेळी घेतात ते आदल्या दिवशी फोन करून विचारा. मेट्रोचं सेंट्रल पार्क स्टेशन झाल्यापासून तिथं पोचणं सोपं झालंय, पण गेटवरून परत फिरायला लागलं तर मेट्रोचा काय उपयोग.

सिम्युलेटरवाल्याला फोनवरच विचारा: यंत्र कुठलं आहे, ते फक्त बॉल मोजतं की क्लबसुद्धा, आणि सेशनचे आकडे नंतर मिळतील का. "आमच्याकडे सगळं आहे" असं उत्तर आलं तर दुसरा प्रश्न पुन्हा विचारा.

२. यंत्राची जात ओळखा

दोन मुख्य जाती. एक रडारवाली. ही बॉलच्या मागं, दोन-तीन मीटरवर ठेवतात. डॉप्लर रडारनं क्लब आणि बॉलचा पाठलाग करतात. २००३ साली डेन्मार्कमध्ये सुरू झालेली ट्रॅकमॅन ही यातली सगळ्यात नावाजलेली कंपनी. दक्षिण आफ्रिकेची फ्लाइटस्कोप आणि गार्मिनचं छोटं आर१० हेही याच घराण्यातले. दुसरी जात कॅमेरावाली. ही बॉलच्या बाजूला किंवा डोक्यावर छताला असते आणि आघाताच्या क्षणाचे फोटो काढते. फोरसाइटचं जीसीक्वाड किंवा युनीकोरची छतावरची यंत्रं ही त्यातली.

नवशिक्याला यातून एवढंच घ्यायचंय की कुठला आकडा मोजलेला आहे आणि कुठला गणितानं काढलेला. रडारला बॉल उडताना दिसायला हवा. बंद खोलीत बॉल तीन-चार मीटरवर पडद्यावर आदळतो, पुढचा सगळा प्रवास हिशेबानं काढलेला असतो. स्वस्त रडारवर बंद जागेत फिरकीचा आकडा तर बऱ्याचदा अंदाजच असतो. त्यासाठी काही जण बॉलवर धातूचा छोटा स्टिकर लावतात. कॅमेऱ्याचं उलटं: त्याला बॉलची फिरकी चांगली दिसते, पण क्लबचे तपशील हवे असतील तर बऱ्याच यंत्रांमध्ये क्लबच्या तोंडावर चमकणारे ठिपके चिकटवावे लागतात. ठिपके न लावताच "तुमचा फेस दोन डिग्री उघडा आहे" (फेस म्हणजे हेच तोंड, उघडा म्हणजे उजवीकडे बघणारा) असं कुणी सांगितलं, तर तो आकडा कुठून आला ते विचारा.

३. आधी यंत्राचं तोंड कुठं आहे ते बघा

या एका पायरीनं मला एक महिना रडवलंय, म्हणून इथं थांबते.

एका ठिकाणी माझा प्रत्येक बॉल पडद्यावर उजवीकडे सुरू व्हायचा. मी मनात म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं असं करू नये, दोष आपलाच. ग्रिप बदलली. डावा हात आणखी वळवला. पडद्यावर बॉल सरळ जाऊ लागले. आणि खारघरला गेले तर पहिल्याच टीवरून तीन बॉल डावीकडच्या झुडपात. नंतर दुसऱ्या केंद्रावर तपासलं तेव्हा कळलं, अंगण खरंच वाकडं होतं. तिथलं यंत्र लक्ष्याच्या रेषेपासून तीनेक डिग्री सरकलेलं होतं. २०० यार्डांवर तीन डिग्री म्हणजे साडेदहा यार्ड. नेमका झुडपाइतका फरक.

तपासायची रीत सोपी आहे. अलाइनमेंट स्टिक (दिशा धरायची सरळ काठी), नाहीतर क्लबच, बॉलपासून पडद्यावरच्या लक्ष्याकडे जमिनीवर ठेवा. मग पटरनं त्या रेषेवरून बॉल हळू ढकला, किंवा वेजनं, म्हणजे जवळच्या फटक्यांच्या काठीनं, दोन-तीन छोटे चिप मारा. यंत्र पटर वाचत नसेल तर चिपच. डोळ्याला सरळ गेलेला बॉल यंत्राला सतत उजवीकडे दिसत असेल, तर तिथल्या माणसाला बोलवा. लाजू नका.

आणि हे लक्षात ठेवा, कारण हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. यंत्र वाकडं असलं तर फेस अँगल (आघाताच्या क्षणी तोंड कुठं बघतंय) चुकतो आणि क्लब पाथही (क्लब कुठल्या वाटेनं येतोय) चुकतो, पण दोन्ही सारखेच चुकतात. म्हणजे त्यांच्यातला फरक, ज्याला फेस टू पाथ म्हणतात, तो बरोबरच राहतो. अनोळखी ठिकाणी मी फक्त तेवढ्याच आकड्यावर विश्वास ठेवते.

४. दहा बॉल, एकच क्लब, काही न बदलता

पहिल्या दिवशी शिकायला जाऊ नका, मोजायला जा. वीस बॉल गरम व्हायला. मग सेव्हन आयर्ननं दहा बॉल, पडद्याकडे न बघता. नंतर दहाही लिहून काढा आणि मधला आकडा बघा. सगळ्यात चांगला बघायचा मोह होतो. माझ्या पहिल्या पानावर एक १०३ यार्ड होता, तो मी आठवडाभर सगळ्यांना सांगत होते. बाकीचे नऊ ६० ते ८४ मधले होते.

क्लब बॉलच्या माथ्याला घसटला किंवा आधी मॅटवर आपटला, तरी तो बॉल वहीतून पुसू नका. तोही तुमचाच.

५. उलटं वाचा: बॉलपासून क्लबकडे

पडद्यावर सहसा क्लब स्पीड आधी असतो. तुम्ही दुसऱ्या टोकाकडून या. बॉलचं काय झालं ते खरं, क्लबनं काय केलं ते त्याचं कारण. कारणापासून सुरुवात केली की माणूस स्वतःला हवं ते कारण शोधतो.

आधी कॅरी. हवेतून किती गेला. टोटलमध्ये जमिनीवरचं घरंगळणं धरलेलं असतं आणि सिम्युलेटरमधली जमीन ही कुणीतरी निवडलेली सेटिंग असते. ऑगस्टमधल्या ओल्या खारघरला बॉल पडतो तिथंच रुततो, मार्चमध्ये तोच वीस पावलं पळतो.

मग बॉल स्पीड. त्याला क्लब स्पीडनं भागलं की स्मॅश फॅक्टर. ड्रायव्हरला १.५० च्या आसपास कमाल, सेव्हन आयर्नला चांगला खेळाडू १.३३ ते १.३७ मध्ये असतो. वेजला आणखी कमी. म्हणून "माझा वेजचा स्मॅश इतका खराब का" असं विचारू नका, तो तसाच असतो. आणि ड्रायव्हरला १.५५ दिसला तर पेढे वाटू नका. यंत्रानं क्लब स्पीड चुकीचा वाचलाय.

मग लाँच अँगल (बॉल किती कोनात वर निघाला) आणि स्पिन, म्हणजे फिरकी. मग फेस, पाथ, आणि शेवटी अटॅक अँगल, म्हणजे आघाताच्या वेळी क्लब खाली येत होता की वर जात होता. उणे म्हणजे खाली.

तुलनेला ट्रॅकमॅननं प्रसिद्ध केलेल्या व्यावसायिकांच्या जुन्या सरासऱ्या. सेव्हन आयर्न, पुरुषांची पीजीए टूर: क्लब ताशी ९० मैल, बॉल १२०, कॅरी १७२ यार्ड. महिलांची एलपीजीए: क्लब ७६, बॉल १०४, कॅरी १४१. रेंजवर शेजारचे काका "माझी सेव्हन आयर्न १६० जाते" म्हणतात तेव्हा मला हा १४१ आठवतो. मी काही बोलत नाही.

६. स्लाइस: फेस आणि पाथ यांचं भांडण

नवशिक्यांपैकी बहुतेकांचा ड्रायव्हरनं मारलेला बॉल उजवीकडे वळतो, त्यालाच स्लाइस म्हणतात. माझाही. इथं आकड्यांचा खरा उपयोग होतो, कारण डोळ्याला जे वाटतं ते साफ उलटं असतं.

पूर्वी असं शिकवायचे की बॉल क्लबच्या वाटेनं सुरू होतो आणि मग फेस जिकडे बघतोय तिकडे वळतो. रडारनं मोजल्यावर दिसलं की बॉल मुख्यतः फेस बघतोय तिकडेच सुरू होतो. ड्रायव्हरला साधारण ८५ टक्के फेसचा वाटा, आयर्नला ७५ टक्क्यांच्या आसपास. वळण मात्र फेस आणि पाथ यांच्यातल्या फरकानं ठरतं. फेस पाथच्या उजवीकडे बघत असेल तर बॉल उजवीकडे वळणार.

माझ्या वहीतलं एक पान: पाथ उणे ७, फेस उणे २. उणे म्हणजे डावीकडे. म्हणजे फेस लक्ष्याच्या डावीकडे बघत होता! आणि तरी बॉल उजवीकडच्या पाण्यात. कारण क्लब त्याहून पाच डिग्री जास्त डावीकडे ओढला जात होता. फेस टू पाथ अधिक ५. बॉल जरासा डावीकडे निघायचा आणि मग केळ्यासारखा वळायचा.

आता यावर नवशिका काय करतो? बॉल उजवीकडे जातोय ना, मग आणखी डावीकडे तोंड करून उभा राहतो. खांदे डावीकडे वळले की पाथ आणखी डावीकडे जातो. फरक वाढतो, स्लाइस वाढतो, आणि पुढच्या बॉलला तो आणखी डावीकडे वळून उभा राहतो. मी अशी फिरत फिरत जवळजवळ शेजारच्या बेकडे, म्हणजे बाजूच्या खेळाडूच्या जागेकडे, तोंड करून उभी होते.

म्हणून आकडे बघून आधी ठरवा की तुमचं दुखणं फेसचं आहे की पाथचं. फेस अधिक ५ आणि पाथ शून्य, हाही स्लाइसच, पण त्याला ग्रिपचं औषध. पाथ उणे ७ ला ग्रिप बदलून बॉल वळायचा थांबेल कदाचित, पण मग तो सरळ रेषेत डावीकडे जाईल. माझं औषध साधं निघालं: खांदे लक्ष्याच्या रेषेला समांतर आणि बॉल पुढच्या पायाच्या रेषेपेक्षा किंचित मागं. पाच आठवड्यांत पाथ उणे ३ वर आला. शून्य नाही झाला. उणे ३ ला फेस उणे १ असेल तर हलका फेड, म्हणजे उजवीकडे जरासं वळण, मिळतो आणि त्यावर माझं भागतं.

आता मार्कर. एके दिवशी पाथ उणे १, फेस उणे १, फरक शून्य, तरी बॉल उजवीकडे वळतच होता. यंत्र बिघडलं म्हणून मी तिथल्या माणसाला बोलावणार होते. मग बॉलच्या मागच्या बाजूला व्हाइटबोर्ड मार्करनं जाड ठिपका काढला आणि तो भाग क्लबकडे करून ठेवला. मारल्यावर ठिपक्याचा डाग क्लबच्या तोंडावर उमटतो. माझा डाग टाचेकडे, म्हणजे शाफ्टजवळ होता. ड्रायव्हरचं तोंड किंचित फुगीर असतं. टाचेला लागलेला बॉल गिअर इफेक्टनं, म्हणजे दातेरी चाकांसारखी उलटी फिरकी मिळून, उजवीकडे वळतो, पुढच्या टोकाला लागलेला डावीकडे. तेव्हा फेस-पाथचा हिशेब बॉलच्या वळणाशी जुळत नसेल, तर आधी डाग बघा. हे करताना केंद्रवाल्याला विचारा आणि पडद्याला शाई लागू देऊ नका. फडकं त्यासाठी.

७. उंच पण आखूड

हे खास बॅडमिंटन, टेबल टेनिस खेळून आलेल्यांसाठी. आपलं मनगट शेवटच्या क्षणी फटका मारतं, ती सवय हाडात असते. गोल्फमध्ये ते मनगट बॉलखाली चमचा घालतं.

माझी सेव्हन आयर्न, पहिला महिना: क्लब स्पीड ५८, बॉल स्पीड ७०, स्मॅश १.२१, अटॅक अँगल अधिक २, डायनॅमिक लॉफ्ट (आघाताच्या क्षणी प्रत्यक्षात असलेला लॉफ्ट) ३५. क्लबवरचा लॉफ्ट ३१ होता, मनगटानं त्यात चार डिग्रीची भर घातली. बॉल दिसायला सुंदर उडायचा, बघणारे "वा" म्हणायचे, आणि ७८ यार्डांवर पडायचा.

डायनॅमिक लॉफ्टमधून अटॅक अँगल वजा केला की स्पिन लॉफ्ट. माझा ३३. हा जितका मोठा तितका आघात तिरका, ताकद पुढं जाण्याऐवजी वर आणि फिरकीत जाते. मी जोर वाढवला. क्लब स्पीड ६२ झाला, कॅरी तेवढीच. शेवटी बॉलच्या मागं चारेक इंचांवर घडी केलेला नॅपकिन ठेवून मारायला लागले. नॅपकिनला क्लब लागू द्यायचा नाही, एवढाच नियम. दोन महिन्यांनी: क्लब ५७, बॉल ७५, स्मॅश १.३२, अटॅक उणे २, डायनॅमिक लॉफ्ट २८. आधीपेक्षा हळू फिरवून दहा यार्ड जास्त.

ड्रायव्हरला मात्र हा नियम लावू नका. त्याचा बॉल टीवर, म्हणजे छोट्या खुंटीवर असतो. पुरुष व्यावसायिकांची त्या जुन्या सरासरीतली ड्रायव्हरची अटॅक अँगल उणे १.३ आहे, महिलांची अधिक ३. ज्यांचा वेग कमी त्यांना वर जाताना मारलेला बॉल कॅरीत फायदा देतो. यूट्यूबवरच्या ताशी ११५ मैलवाल्या मुलाचा सल्ला ऐकण्याआधी स्वतःचा क्लब स्पीड बघा.

८. मॅट खोटं बोलते

क्लब बॉलच्या दोन इंच आधी मॅटवर आपटला तर तो घसरून पुढं येतो आणि बॉलला बऱ्यापैकी लागतो. आकडे ठीकठाक येतात. गवतावर तोच फटका म्हणजे मातीचं ढेकूळ पुढं आणि बॉल पायाशी. यंत्र इथं फारशी मदत करत नाही. कान करतात: आधी "थप्" आणि मग "टक्" ऐकू आलं तर फटका जाड आहे. स्वच्छ फटक्यात "टक्" आधी येतो. मॅटवर सलग आपटत राहिलात तर कोपरही दुखतं, ते वेगळं.

९. यंत्र विकत घ्यावं का?

पहिल्या वर्षी नको. आपल्या फ्लॅटची उंची साधारण नऊ-साडेनऊ फूट, ड्रायव्हर मोकळेपणी फिरवायला दहा तरी लागतात. माझ्या एका मित्रानं घोडबंदरच्या फ्लॅटमध्ये पंख्याचं पातं वाकवून हे सिद्ध केलं. गच्चीवर जाळी लावायची तर सोसायटीची परवानगी, आणि कमिटीच्या बैठकीत "बॉल खाली पडला तर?" या प्रश्नाला उत्तर तयार ठेवा. चार जणांनी मिळून एक छोटं रडार घेणं आणि उघड्या रेंजवर आळीपाळीनं वापरणं जास्त शहाणपणाचं. तिथं त्याला बॉल उडताना दिसतोही.

१०. वहीतून कोर्सवर

महिन्यातून एकदाच सगळं मोजा. मधल्या दिवसांत एकच आकडा निवडा आणि बाकीचे पडद्यावरून काढून टाका. बहुतेक यंत्रांत तसं करता येतं. एका फटक्यात आघात फक्त अर्धा मिलिसेकंद टिकतो. तेवढ्यात फेस, पाथ, लॉफ्ट सगळं सुधारायला गेलात तर बॉल लागायचाच राहून जातो. हेही मी करून पाहिलंय.

तीन-चार महिन्यांनी प्रत्येक क्लबची दहा बॉलांतली मधली कॅरी एका चिठ्ठीवर उतरवा. कमाल नको, मधली. माझी चिठ्ठी बॅगेच्या पुढच्या कप्प्यात प्लास्टिकमध्ये आहे: सेव्हन ८८, नाइन ७४, पिचिंग वेज ६३. पहिल्यांदा ती घेऊन गेले तेव्हा ग्रीनपर्यंत, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवतापर्यंत, ८५ यार्ड होते आणि कॅडी दादांनी विचारायच्या आधी सेव्हन पुढं केली. त्यांनी यंत्र कधी वापरलं नव्हतं. माझे दोन होल बघितले होते, बस.